पडणाऱ्या लॅपटॉपचं रजिस्टर

आमचे घरमालक बिघडलेल्या वस्तूला तीन दिवस हात लावत नसत. मिक्सर बंद पडला, तर ते स्वयंपाकघरात स्टूल टाकून त्याच्यासमोर बसत, तासातासाला बटण दाबून बघत आणि मांडीवरच्या रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत. काकू तोवर खलबत्ता काढत. "यांचं बघून होईस्तोवर माझं वाटण होतं," असं त्या मला सांगत, पण इतक्या मोठ्यानं की ते त्यांना ऐकू जावं. त्यांना ऐकू जायचं. फरक काही पडायचा नाही. चौथ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, मनगटावरचं घड्याळ आणि बोटातली अंगठी काढून ठेवून ते मिक्सर उघडत आणि दहा मिनिटांत तो चालू करत. काम दहाच मिनिटांचं होतं तर तीन दिवस कशाला घालवले, हे त्यांना विचारायची सोय नव्हती. कारण ते उत्तर देत, आणि ते उत्तर जेवणाच्या वेळेपर्यंत चाले.

ते सातारा जिल्ह्यातले. फौजेत सिग्नल्समध्ये होते, वायरलेस सेट दुरुस्त करत. सुभेदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा बरोबरीचे सगळे गावी गेले आणि यांनी नोएडात प्लॉट घेऊन दुमजली घर बांधलं. गावी का नाही गेलात, असं मी एकदा विचारलं.

"गावाला जाऊन काय करू?" ते म्हणाले. "तिथं दुरुस्त करण्यासारखं आहे काय? इथं बघ, रोज काहीतरी नवं येतंय आणि रोज काहीतरी नवं बिघडतंय."

ते खरंच होतं. देश उघडला होता आणि आमच्या सेक्टरात घरोघरी खोकी येत होती. कुणाकडे वॉशिंग मशीन, कुणाकडे एसी, कुणाकडे बिनतारेचा फोन. रस्ते अजून खणलेले होते, पाणी दोन वेळ यायचं, वीज तर पाहुण्यासारखी यायची, पण खोकी मात्र येत राहिली. त्या खोक्यांतलं काहीतरी बंद पडलं, की गल्लीतले लोक आमच्या फाटकाशी येऊन उभे राहत आणि "सूबेदार साब हैं?" असं विचारत.

मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून कशी गेले, तेही त्यांच्या स्वभावाला धरूनच झालं. पुण्याहून नोकरीसाठी आले तेव्हा रविवारी वरणभातासाठी मी कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात जात असे. तिथल्या फळ्यावर वहीच्या पानावर लिहिलेली जाहिरात होती. "नोएडात वरची खोली. मराठी मुलगा अगर मुलगी चालेल. घरातली वस्तू बिघडल्यास लपवू नये, ताबडतोब कळवावे." शेवटच्या वाक्याखाली लाल शाईनं दोन रेघा. मला वाटलं, कुणीतरी कद्रू खडूस म्हातारा असणार. नाइलाजानं गेले. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून गीझर बंद पडला. घाबरत घाबरत खाली सांगायला गेले, तर त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, मी पेढेच घेऊन आले आहे.

त्यांच्या रजिस्टरमध्ये तीन रकाने होते. वेळ, काय केलं, काय झालं. चौथा रकाना असावा असं मला इंजिनिअर म्हणून वाटे, आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

"कोणता?"

"का झालं, त्याचा."

"तो भरायला लागलीस की बाकीचे तीन खोटे भरायला लागतेस," ते म्हणाले, आणि चहा बशीत ओतला.

दुसरा त्यांचा नियम होता एका वेळी एकच गोष्ट बदलायचा. आमच्या गल्लीतली पाण्याची सामाईक मोटर दोन उन्हाळे मधूनच बंद पडायची. तीन इलेक्ट्रिशियन येऊन गेले, प्रत्येकानं चार चार भाग बदलले, मोटर मधूनच बंद पडतच राहिली. शेवटी सुभेदारांनी स्टूल उचललं आणि मोटरीशेजारी कडुलिंबाखाली जाऊन बसले. चौथ्या दिवशी ते समोरच्या बंगल्यात गेले आणि त्या बाईंना म्हणाले, की तुमचा नवीन एसी संध्याकाळी सहाऐवजी सातला लावून बघा. त्या चिडल्या. यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. एसी सहाला लागला की व्होल्टेज पडायचं, आणि सहा वाजून दोन मिनिटांनी मोटर बसायची. त्या दिवसापासून त्या बाई सातला एसी लावू लागल्या आणि गल्लीला पाणी मिळू लागलं. तरी त्या पुढे कितीतरी दिवस यांना बघून तोंड फिरवत.

फोनवर बोलताना ते समोरच्याचं वाक्य संपल्यावर मनात एक-दोन मोजून मगच बोलत. वायरलेसची सवय. कोल्हापूरच्या लेकीला ती माहीत होती. बाकीच्यांना वाटे, लाइन कटली. गॅसच्या एजन्सीवाल्यानं तर त्यांचा फोन तीनदा खाली ठेवला होता. आणि लाडका शब्द होता "पडला". यंत्र बिघडत नसे, सेट पडत असे. पंखा पडला, इस्त्री पडली, एकदा काकूंचा गुडघा दुखायला लागला तर "हिचा उजवा सेट पडलाय" असं त्यांनी डॉक्टरला सांगितलं. काकू आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

माझा लॅपटॉप पडायला लागला, तेव्हा मात्र मला यातलं काही गमतीचं वाटत नव्हतं.

आमची कंपनी चौदा माणसांची होती. मी दवाखान्यासाठी एक प्रोग्राम लिहीत होते. डॉक्टर वॉर्डमध्ये राउंडला निघाले, की लॅपटॉप बरोबर घ्यायचा, पेशंटच्या खाटेशी उघडायचा, ताप, औषधं, तपासण्या बघायच्या, झाकण मिटायचं आणि पुढच्या खाटेकडे जायचं. लॅपटॉप झोपवायचा आणि उठवायचा, झोपवायचा आणि उठवायचा. बंद करून पुन्हा चालू करायचा म्हटलं तर त्या काळी सगळं सुरू व्हायला दहा-बारा मिनिटं लागत, तेवढ्यात डॉक्टर निम्मा वॉर्ड उरकतात. म्हणजे झाकण उघडताच प्रोग्राम समोर हजर, हाच माझ्या कामाचा सगळा मोठेपणा होता. चौदा महिने मी त्यावर घालवले होते.

करोल बागेजवळच्या एका मोठ्या खाजगी दवाखान्यानं आम्हाला डेमोला बोलावलं. सकाळी ऑफिसमध्ये मी सगळं तयार केलं, लॅपटॉप झोपवला, टॅक्सीनं गेले. आमचे साहेब बरोबर होते. समोर दवाखान्याचे मुख्य, पांढऱ्या केसांचे पंजाबी डॉक्टर, आणि त्यांच्यामागे सात-आठ जण. मी झाकण उघडलं. पडदा निळा झाला, त्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी उमटलं आणि सगळं ठप्प. पुन्हा चालू करेपर्यंत पाव तास गेला. वर डेटाबेसचीही वाट लागली होती. डॉक्टर उठता उठता सौम्यपणे म्हणाले, "बेटा, मेरा मरीज इतनी देर वेट नहीं करेगा." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्यांनी अकरा दिवसांनी पुन्हा एक वेळ दिली, हा त्यांचा चांगुलपणा. पण परत येताना टॅक्सीत आमचे साहेब म्हणाले, "देखो यार, पर्सनली मत लेना. मशीन तो ठीक है, सबने चला के देखा है. तेरे कोड में ही कुछ गडबड है. नेक्स्ट टाइम डेमो वो देगा, तू पीछे से सपोर्ट कर." 'वो' म्हणजे तीन महिन्यांपूर्वी आलेला एक इंजिनिअर. माझ्या प्रोग्रामबद्दल त्याला पडद्याचा रंग निळसर आहे एवढंच ठाऊक होतं. डेमो त्याचा झाला की पुढचं सगळं कामही त्याच्याकडे जाणार आणि मी त्याच्या हाताखाली, हे न सांगताच कळत होतं. संतापानं माझे कान गरम झाले. पण खरं सांगायचं तर मलाही वाटायला लागलं होतं, की चूक माझ्याच कोडमध्ये असणार. कारण ऑफिसमध्ये लॅपटॉप दिवसभरात वीस वेळा झोपवून उठवला तरी ठणठणीत असायचा. पडायचा तो नेमका माझ्याच खोलीवर, संध्याकाळी, आणि दवाखान्यात.

घरी आले आणि पायरीवर बसून रडले. काकूंनी पाणी आणलं. सुभेदार आले आणि म्हणाले, "काय पडलं?"

"लॅपटॉप," मी म्हणाले. "आणि मी."

"तुझं नंतर बघू," ते म्हणाले, आणि स्टूल आणायला गेले.

तीन दिवस ते माझ्या खोलीच्या दाराशी बसले. लॅपटॉप कसा चालतो याची त्यांना काडीची माहिती नव्हती, आणि मी सांगायला लागले तर हातानं थांबवत. मी ऑफिसमधून आले की झाकण उघडायचं आणि त्यांनी लिहायचं. मग पुन्हा चालू करायचं, झोपवायचं, उठवायचं, लिहायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे धरलं.

"वाच. घरी आल्यावर पहिल्यांदा उघडलास की पडतो. तीनही दिवस. त्यानंतर झोपव, उठव, साठ वेळा केलं, एकदाही पडला नाही. तुझ्या त्या कोडमध्ये खोट असती तर तो रात्री साडेआठला पण पडला असता की नाही?"

मी ते पान पुन्हा एकदा वाचलं. चौदा जणांच्या ऑफिसमध्ये हे कुणी मांडून पाहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

"म्हणजे ऑफिसातून घरी येईपर्यंत त्याला काहीतरी होतंय," ते म्हणाले. "निघताना काय काय करतेस, एक एक सांग."

"फाइल सेव्ह करते. झाकण मिटते. पिशवीत घालते. निघते."

"आणखी?"

"काही नाही."

"ठीक है." त्यांनी चारही गोष्टी लिहून घेतल्या.

मग सुरू झाल्या चाचण्या, एका वेळी एकच. पहिली हादऱ्यांची. मी शेअर रिक्षानं येत असे, म्हणून त्यांनी मला स्कूटरवर मागं बसवलं आणि झोपलेला लॅपटॉप मांडीवर देऊन सेक्टरातल्या सगळ्या खणलेल्या रस्त्यांवरून अर्धा तास फिरवलं. माझी हाडं खिळखिळी झाली. लॅपटॉप उघडला तर ताजातवाना. मग थंडीची. डिसेंबरचं धुकं होतं, तर तो तासभर गच्चीवर ठेवला, टॉवेलात गुंडाळून, शेजारी सुभेदार माकडटोपी घालून पहाऱ्याला. पडला नाही. मग त्यांची नजर माझ्या पिशवीवर गेली. तिला चुंबकाचं बटण होतं. चुंबक म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. नियम मोडून ते लगेच म्हणाले, "हाच. बिल्कुल हाच." काकूंकडून कात्री घेऊन त्यांनी बटण उसवलं आणि त्या रात्री आम्ही शिरा केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाकण उघडलं. निळा पडदा.

त्या दिवशी त्यांच्याकडे बघवेना. मग रजिस्टर घेऊन त्यांनी लिहिलं, "बटण काढले. तरीही पडला. सुभेदाराची चूक, घाई केली." आणि खाली सही केली. स्वतःची चूक सही करून लिहिणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता, नंतरही फारसा पाहिलेला नाही. डेमोला तीन दिवस उरले होते. मी म्हणाले, "काका, जाऊ दे आता. त्याला देऊ दे डेमो."

दोन मोजून ते म्हणाले, "रिपोर्टमध्ये काहीतरी कमी आहे. माणूस जे करतो ते सांगत नाही, जे करतो असं त्याला वाटतं ते सांगतो. उद्या मी येतो तुझ्या ऑफिसात."

"अहो, ऑफिसात कसं..."

"स्टूल माझं मी आणतो."

आणि ते आले. नेव्ही ब्लू ब्लेझर, रेजिमेंटचा टाय, पायात लोकरीचे मोजे आणि वर सँडल, हातात घडीचं स्टूल, काखेत रजिस्टर. गार्डनं त्यांना सलाम ठोकून आत सोडलं. आमचे साहेब त्यांना बघून खुर्चीतून उठलेच. कुठल्यातरी खात्याची तपासणी आली असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी आधी चहा सांगितला आणि मगच नाव विचारलं. मी तोंड लपवायला जागा शोधत होते. सुभेदार म्हणाले, "इनका मकान मालिक हूँ. सिर्फ देखूँगा, हाथ नहीं लगाऊँगा." साहेबांना नाही म्हणायला सुचलं नाही.

सकाळी दहापासून ते माझ्या उजव्या खांद्यामागे बसले. जेवायला उठले नाहीत, काकूंनी दिलेली भाकरी तिथेच खाल्ली. ऑफिसमधले लोक येता जाता हसत होते. तो 'वो' तर माझ्यादेखत कुणालातरी म्हणाला, "अब सोल्जर डीबग करेगा." मी ओठ आवळून काम करत राहिले. सहा वाजले. मी फाइल सेव्ह केली, झाकण मिटलं, पिशवीकडे वळले.

"थांब!"

असा आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. अख्खं ऑफिस जागच्या जागी थिजलं.

"आत्ता काय केलंस?"

"काही नाही काका. झाकण मिटलं. निघाले."

"उजवा हात बघ."

मी बघितला. माझ्या हातात मोडेमचं कार्ड होतं, आणि समोर ऑफिसचं सामान सांभाळणारे आमचे रावतजी उघडा पत्र्याचा डबा घेऊन उभे होते.

आता हे कार्ड म्हणजे काय ते सांगायला हवं. इंटरनेटसाठी लॅपटॉपच्या कडेच्या फटीत सरकवायचं ते, पत्त्याच्या पानाएवढं. सगळ्या ऑफिसात असं एकच होतं. म्हणून आमच्याकडे नियम होता, की निघताना ते रावतजींकडे जमा करायचं. रावतजी ते डब्यात ठेवून कुलूप लावत. रोज संध्याकाळी ते डबा पुढे करत, मी डाव्या हातानं झाकण मिटत असे आणि उजव्या हातानं कार्ड उपसून डब्यात टाकत असे. एक अक्षर न बोलता, गप्पा मारता मारता. वर्षभर. सुभेदारांनी मला निदान दहादा विचारलं होतं की निघताना काय काय करतेस, आणि दहाही वेळा मी हे सांगितलं नव्हतं, कारण ते मी करतच नव्हते, माझा हात करत होता.

डेमोच्या सकाळीही मी तेच केलं होतं. झोपेत लॅपटॉपच्या कडेतून कार्ड जायचं, आणि जाग आल्यावर तो ते शोधत बसायचा.

"आता उघड," सुभेदार म्हणाले.

मी उघडलं. निळा पडदा.

"गिर गया!" रावतजी ओरडले. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण माणूस रंगात आला होता.

मी तर नाचायलाच लागले होते. सुभेदारांनी मला खाली बसवलं. "एकदा पडला तर योगायोग असतो. चल, पुन्हा." कार्ड आत ठेवून दहा वेळा झोपवला, दहा वेळा उठला. झोपेत कार्ड काढून दहा वेळा उठवला, दहाही वेळा पडला. प्रत्येक वेळी पुन्हा चालू करायला एवढा वेळ, तरी घरी कुणी जाईना. सगळे भोवती जमले. रावतजी दर खेपेला "गिर गया!" म्हणून टाळी वाजवत आणि सुभेदार शांतपणे लिहीत. मग शेवटी आधी पडद्यावरून कार्ड बंद केलं, बाहेर काढलं, आणि मग लॅपटॉप झोपवला. उठवला. उठला. पाच वेळा उठला.

सुभेदार उभे राहिले, स्टुलाची घडी केली आणि साहेबांसमोर रजिस्टर उघडं ठेवलं. "साहब, लिख लीजिए. इसके कोड में कोई खराबी नहीं है."

साहेबांनी पान वाचलं, उलटून मागचीही वाचली. स्कूटर, गच्ची, बटण, सगळं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "डेमो तू ही दे." त्यांना माझ्याकडे बघता आलं नाही याचा मला झालेला आनंद मी अजूनही लपवत नाही.

डेमोच्या दिवशी मी कार्ड ऑफिसमध्येच रीतसर काढून गेले. डॉक्टरांनी यावेळी आम्हाला मीटिंगच्या खोलीत नेलंच नाही, सरळ वॉर्डमध्ये उभं केलं. पहिली खाट, दुसरी खाट, तिसरी. झाकण उघडताच पेशंट पडद्यावर. चौथ्या खाटेशी मी झाकण मिटलं आणि दिवे गेले. जनरेटर घरघरायला लागेपर्यंतचा तो काळोख मला आठवतो. अंधारात साहेबांचा आवाज, "ओ माय गॉड." मला मात्र हसू येत होतं. लॅपटॉप बॅटरीवर होता. मी अंधारातच पाचव्या खाटेशी गेले आणि झाकण उघडलं. त्या वॉर्डात तेवढाच एक उजेड होता, आणि त्यात पाचव्या खाटेवरच्या आजोबांचं नाव, ताप आणि सकाळची गोळी.

"वाह," डॉक्टर म्हणाले. आणि तेवढ्यात आजोबा उठून बसले नि म्हणाले, "गोली तो मुझे मिली नहीं." नर्सनं धावत जाऊन ती आणली. काम आम्हाला तिथेच मिळालं.

त्यानंतर दोन दिवसांनी भाजीवाला मला म्हणाला, "मॅडम, मुबारक हो, आपने लॅपटॉप की बीमारी पकड ली." इस्त्रीवाल्यानंही तेच सांगितलं. समोरच्या बंगल्यातल्या, तोंड फिरवणाऱ्या बाईंनी तर मला घरात बोलावून मिठाई दिली. मी तणतणत खाली गेले.

"काका, गल्लीभर काय सांगत फिरताय तुम्ही? दोष तुम्ही शोधलात."

"हात कुणाचा होता?" ते म्हणाले. "तुझ्या हातात होता, मी फक्त बघत होतो. आणि बघण्याचं काय एवढं, मला सवयच आहे."

दवाखान्याच्या नर्सेससाठी एक छोटी माहितीपुस्तिका करायची होती. पहिल्या पानावर, हे कुणी तयार केलं, तिथे नाव घालायचं होतं. आमच्या साहेबांनी नुसतं कंपनीचं नाव सुचवलं. मी म्हणाले, माणसाचं नाव येईल. त्यांनी होकारार्थी मान हलवली. तो कागद घेऊन मी सुभेदारांकडे गेले, आणि माझ्या नावाखाली त्यांचं नाव लिहायला लागले.

त्यांनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं. "माझं नाव घातलंस, तर महिनाअखेरीला खोली खाली करायची."

"काका, असं काय करता?"

"चौदा महिने कोड कुणी लिहिला?"

"मी."

"मग झालं. एवढ्यासाठीच तर बसलो होतो."

मला एकदम कळलं, की त्या अकरा दिवसांत या माणसाला लॅपटॉपचं फारसं काही पडलेलं नव्हतं.

पुस्तिका छापून आली त्या संध्याकाळी मी पहिली प्रत त्यांच्या हातात दिली. काकू दारात उभ्या होत्या. सुभेदारांनी घड्याळ आणि अंगठी काढून ठेवली, पहिलं पान उघडलं आणि ताठ उभे राहिले. आजवर त्यांनी मला 'पोरी' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. आता त्यांनी माझं नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, परेडवर हजेरी घ्यावी तसं खणखणीत, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं.

मी डोळे पुसले, सरळ उभी राहिले आणि तितक्याच मोठ्यानं म्हणाले, "हजर!"